पंच जागेवरून हलल्याबाबत

बास्केटबॉलच्या सामन्यात पंच पळतात, ही गंभीर बाब पश्चिम किनारा बास्केटबॉल पंच मंडळाच्या निदर्शनास गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आली. मंडळ स्थापन होऊन अकरा वर्षं झाली होती आणि पंच त्याच्याही आधीपासून पळत होते. पण मंडळाच्या अध्यक्षांनी सामना बघायला येण्याची ही पहिलीच वेळ होती.

अध्यक्षांचं नाव दिनानाथ चुरी. एका कचेरीच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. मंडळावर त्यांची निवड बिनविरोध झाली, कारण निवडणुकीचा अर्ज कसा भरायचा हे फक्त त्यांनाच समजलं होतं. माणूस सज्जन. आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही आणि कोणाचा कागद हरवला नाही. बोईसरच्या एका कंपनी वसाहतीतल्या मैदानावर ते प्लास्टिकच्या खुर्चीत नीट बसतात न बसतात, तोच राखाडी शर्ट घातलेली एक बाई त्यांच्या नाकासमोरून या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेली.

“या कुठे निघाल्या?” त्यांनी शेजारी बसलेल्या गुणलेखकाला विचारलं.

तो म्हणाला, त्या पंच आहेत, चेंडू तिकडे गेला म्हणून त्याही गेल्या.

“कोणाला विचारून?”

गुणलेखक खाली मान घालून गुण लिहू लागला. तेवढ्यात बाई परत आल्या आणि पुन्हा गेल्या. चुरीसाहेबांनी खिशातून छोटी वही काढून तीत रेघा मारल्या. पहिल्या दहा मिनिटांत बाईंनी जागा एकतीस वेळा सोडली होती. एवढा चंचल कर्मचारी त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या बाईंचं नाव हेमांगी राऊत, राहणार सफाळे. सोमवार ते शनिवार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत गोळ्या किती मिनिटांत विरघळतात ते बघायचं आणि रविवारी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उतरायचं, हा तिचा नऊ वर्षांचा क्रम. पंच म्हणून तिचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. ती वेळेवर पोहोचायची.

हे दिसतं तितकं सोपं नाही. बास्केटबॉलला दोन पंच. एक बास्केटखालच्या रेषेवर उभा राहतो, तो लीड. दुसरा मागे, मधल्या रेषेच्या जवळपास, तो ट्रेल. चेंडू उलटला की मागचा पुढचा होतो आणि पुढचा मागचा. त्यासाठी जवळजवळ सगळं मैदान तोडावं लागतं, आणि तेही चेंडूच्या आधी. पोहोचूनही भागत नाही. दोन खेळाडू एकमेकींना भिडल्या की त्यांच्यामधली वीतभर फट दिसेल अशा कोनात उभं राहावं लागतं. फट दिसली तर हात चेंडूला लागला की मनगटाला, हे कळतं. नाही दिसली तर नुसत्या दोन पाठी दिसतात आणि पंच अंदाजाने शिट्टी फुंकतो. हेमांगीने नऊ वर्षांत अंदाजाने शिट्टी फुंकली नव्हती. आपल्याला हेच एक काम चांगलं येतं, असं तिला मनातून वाटायचं आणि ते खरंही होतं.

यंदा राज्याच्या पंचसूचीत मंडळाकडून एकच नाव जाणार होतं. सूचीत पहिल्यांदा शिरायचं तर वय पस्तिशीच्या आत हवं, आणि हेमांगीला मे महिन्यात पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ही संधी पहिली नव्हती, पण शेवटची मात्र होती. नाव कोणाचं पाठवायचं ते फेब्रुवारीतल्या अंतिम सामन्यानंतर चुरीसाहेब ठरवणार होते.

मंगळवारी परिपत्रक निघालं. विषय: पंचांनी कर्तव्याच्या वेळेत जागा सोडण्याबाबत. कोणत्याही कचेरीत कर्मचारी टेबल सोडून उठला की हालचाल नोंदवहीत नोंद करतो. मग मैदानावरच्या कर्मचाऱ्याला वेगळा न्याय का, असा त्यात रास्त सवाल होता. वहीला रकाने चार. जागा सोडल्याची वेळ, जाण्याचे प्रयोजन, परत आल्याची वेळ, सही. दोन्ही बास्केटच्या खांबांना सुतळीने एकेक वही आणि एकेक बॉलपेन बांधण्यात आलं.

वही लागू झाल्यावरचा पहिला सामना सकाळी आठला सुरू झाला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर संपला. दर वेळी चेंडू उलटला की दोन्ही पंच खांबाकडे जात, वेळ लिहीत, सही करत आणि मग पळत. तोवर तिकडे चेंडू पडून, परत उसळून, पुन्हा इकडे आलेला असे. प्रयोजनाच्या रकान्यात हेमांगीने अठ्ठ्याऐंशी वेळा ‘चेंडू पलीकडे गेल्यामुळे’ असं लिहिलं. वही तपासून आली तेव्हा समासात लाल शाईने शेरा होता: ‘चेंडू पलीकडे जाणार असल्याची पूर्वकल्पना होती किंवा कसे?’

तिच्या जोडीचा पंच शैलेश मेहेर. कोळीवाड्यातला, वयाने तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, घरची बोट भावाच्या हवाली करून स्वतः बोईसरच्या एका शाळेत खेळ शिकवणारा. त्याची अडचण तिसऱ्या रकान्याची होती. पंच एका जागेवरून सुटतो तो दुसऱ्या जागेवर रुजू होतो. परत येतो तेव्हा चेंडू भलतीकडेच असतो, म्हणून तोही भलतीकडेच उभा राहतो. ‘परत आल्याची वेळ’ कुठली लिहायची? त्याने तो रकाना कोराच ठेवला.

चुरीसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. नोंदींचा हिशेब पाहता शैलेश अठ्ठ्याऐंशी वेळा निघालेला होता आणि एकदाही कुठे पोहोचलेला नव्हता.

“मेहेर, आत्ता या क्षणी तुम्ही कागदोपत्री कुठे आहात?”

“साहेब, मी तुमच्या म्होरं उबा हाय.”

“ते मला दिसतंय. मी कागदोपत्री विचारतोय.”

शैलेश बाहेर आला आणि हेमांगीला म्हणाला, की घरी जेवायला जाऊ की नको तेच त्याला कळत नाहीये.

यावर उपाय म्हणून पदभार हस्तांतरण आलं. लीड जागा सोडतो म्हणजे लीडचं पद रिक्त होतं, आणि रिक्त पदावर बसायचं तर आधीच्याकडून पदभार घ्यायला हवा, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. आता दोन्ही पंच मधल्या रेषेवर भेटत, एकमेकांना शिट्टी सुस्थितीत असल्याचं लिहून देत आणि पुढे जात. या भेटी चालू असताना बास्केटखाली काय चालतं हे पाहायला दोन्हीकडे कोणीच नसे. खेळाडूंच्या हे पहिल्याच रविवारी ध्यानात आलं. दुसऱ्या रविवारी एका मुलीचं नाक फुटलं.

तेव्हा चुरीसाहेबांनी मूळ दुखण्यालाच हात घातला. पंच हलतात म्हणून नोंदी, नोंदी म्हणून हस्तांतरण, हस्तांतरण म्हणून नाक. हललेच नाहीत तर? ठेकेदाराच्या एका रंगाऱ्याला बोलावून मैदानाच्या कडेला पिवळ्या रंगाच्या दोन चौकटी आखून घेण्यात आल्या, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. रंगाऱ्याने चौकटीत उभं राहून विचारलं, “साहब, इसमें किसको बंद करना है?” चुरीसाहेबांनी त्याला समजावलं, की बंद कोणालाच करायचं नाही, पंचांना स्वतःची हक्काची जागा द्यायची आहे. चौकट सोडायची नाही. सोडलीच तर वही आहेच.

एवढ्यावर गाडी रुळावर आली असती, पण राज्य समितीचा मूल्यमापनाचा नमुना पालघरच्या पत्त्यावर येऊन धडकला. शंभर गुणांपैकी साठ ‘योग्य जागी उपस्थिती’ला होते. उरलेले चाळीस होते ‘तत्परता व धावणे’ या सदराखाली. मंडळाच्या खोलीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, चुरीसाहेब दोन दिवस हा कागद पुढ्यात घेऊन बसले. एक नियम हलू देत नाही आणि दुसरा पळल्याशिवाय गुण देत नाही. दुसरा एखादा हबकला असता. पण दोन परस्परविरोधी आदेशांचं एकाच वेळी पालन करण्यातच त्यांची हयात गेली होती. तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: पंचांनी चौकट न सोडता, जागच्या जागी, गुडघे कमरेपर्यंत उचलून धावावे.

हेमांगी आणि शैलेश धावू लागले. चेंडू लांब गेला की जोरात, जवळ आला की हळू. मान खेळाकडे, गुडघे आकाशाकडे. शैलेशची आई इंदुबाई मासळी विकून झाली की पाटी बाजूला ठेवून लेकाचा सामना बघायला यायची. तिने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि आसपासच्या दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात चौकशी केली, की पोराच्या चौकटीत मुंग्या निघाल्यात काय. शैलेशचं महिन्याभरात चार किलो वजन उतरलं. हेमांगीला मात्र दर रविवारी नवनव्या पाठी दिसू लागल्या. तिने गोळ्यांच्या प्रयोगशाळेतली शिस्त लावून स्वतःशी ठरवून टाकलं, की फेब्रुवारीपर्यंत चौकटीत राहायचं, सूचीत नाव लागू द्यायचं आणि मग राज्याच्या मैदानावर पोटभर पळायचं. अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. शहाणी माणसं असंच ठरवतात.

बोईसरच्या संघाचे प्रशिक्षक कुशल संखे याहून शहाणे होते. त्यांनी एका संध्याकाळी दोन्ही चौकटींत स्वतः उभं राहून पाहिलं आणि कुठून काय दिसत नाही याचा तक्ता तयार केला. न दिसणाऱ्या अकरा जागा निघाल्या. त्यांचा संघ सगळे बचाव त्याच अकरा जागांवर करू लागला. हे गैर आहे असं हेमांगीने त्यांना एकदा सुनावलं, तर ते शांतपणे म्हणाले, “हेमांगीताई, माझ्या मुली नियमात खेळतात. तुम्हाला दिसला का एक तरी फाउल?”

दिसला नव्हता.

अंतिम सामना फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, बोईसर विरुद्ध पालघर, मुलींचा. चारशे माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती. चुरीसाहेब पाहुण्यांच्या रांगेत, मांडीवर मूल्यमापनाचा कोरा नमुना घेऊन. हेमांगी एकोणचाळीस मिनिटं चौकटीत जागच्या जागी धावली. पालघरची दिशा नावाची दहावीतली एक सडपातळ मुलगी त्या अकरा जागांपैकी सात जागांवर आडवी झाली आणि सातही वेळा उठून हेमांगीकडे नुसतं बघून परत खेळायला गेली. तिने एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

शेवटचे नऊ सेकंद उरले. बोईसर एका गुणाने पुढे. चेंडू दिशाच्या हातात, ती पलीकडच्या बास्केटकडे सुटलेली, आणि तक्त्यातली चौथी जागा तिची वाट बघत असलेली. तिकडची चौकट शैलेशची, पण चौथी जागा त्याच्या बरोब्बर खांबाआड येत होती. कुशल संखे यांनी उगीच तक्ता केला नव्हता. हेमांगी जागच्या जागी धावत होती. मग ती नुसती धावू लागली.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. ती मधली रेषा ओलांडून गेली, दोन पावलं डावीकडे सरकली, आणि दोन मुलींच्या मधली फट तिला तीन महिन्यांनी पहिल्यांदा दिसली. फटीत एक मनगट होतं आणि त्यावर एक थाप बसत होती. शिट्टी वाजली. थाप मारणारी मुलगीसुद्धा इतकी अचंबित झाली, की तिने आपणहून हात वर केला. दिशाने दोन्ही फ्री थ्रो टाकले, पालघर एका गुणाने जिंकलं. चारशे माणसं उभी राहिली. कुशल संखे यांनी येऊन हेमांगीशी हात मिळवला आणि चौथी जागा आपण तक्त्यातून काढत असल्याचं कळवलं.

हेमांगी घरी गेली ती राज्याची आशा सोडूनच. आईने विचारलं तर म्हणाली, पंचसूची गेली, पण आज झोप छान लागेल. आणि ती लागलीही.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती नोटीस घ्यायला पालघरला मंडळाच्या खोलीवर गेली. चुरीसाहेबांनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला. तिला काही उमजेना. त्यांनी वही उघडून दाखवली. अंतिम सामन्याच्या पानावर शैलेशची एक नोंद होती: ‘प्रयोजन: पाणी पिणे.’ परत आल्याची वेळ नेहमीसारखी कोरी. तेवढ्याने त्याचे सहा गुण गेले. हेमांगीचं पान कोरं करकरीत. खाली चुरीसाहेबांच्या सुंदर अक्षरात शेरा: ‘हालचाल निरंक.’ शंभरपैकी शंभर गुण देऊन त्यांनी तिचं नाव राज्याकडे पाठवलंसुद्धा होतं. सोबत खास शिफारस. चौकट यत्किंचितही न सोडता, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, दोन खेळाडूंच्या आड घडलेला फाउल अचूक टिपणारी अशी नजर मंडळाच्या इतिहासात झालेली नाही.

“साहेब, मी पळाले,” हेमांगी म्हणाली. “म्हणून दिसलं.”

“नोंद नाही.”

“तुम्ही स्वतः समोर बसला होता. तुम्ही पाहिलं नाही?”

“पाहिलं की. फार सुरेख पळालात. पण ते मी प्रेक्षक म्हणून पाहिलं, राऊत मॅडम. अध्यक्ष म्हणून मी वही पाहतो.”

हेमांगीला हसू आवरेना. ती म्हणाली, जाऊ दे, ज्या कारणाने का होईना, सूचीत नाव तर लागलं. आता राज्याच्या मैदानावर पळते. चुरीसाहेबांनी चष्मा पुसला आणि एक बारीकशी तांत्रिक बाब तिच्या कानावर घातली. त्यांची परिपत्रकं राज्य समितीला अतोनात आवडली होती. यंदापासून राज्याच्या पंचांचे दोन संवर्ग होणार होते, धावता आणि स्थिर. हेमांगीची नेमणूक स्थिर संवर्गातली पहिली नेमणूक ठरणार होती. तिला राज्य स्पर्धेत चौकट नव्हे, हात टेकायची सोय असलेली खुर्ची मिळणार होती. शिवाय इतर पंचांना न हलता कसं बघावं याचं प्रशिक्षण तिनेच द्यायचं होतं. संवर्ग एकदा ठरला की निवृत्तीपर्यंत बदलत नाही.

तिचं हसू थांबलं. नऊ वर्षं ज्या एका गोष्टीसाठी धडपड केली, ती मिळाल्याबरोबर तिचं पळणंच कायमचं बंद होत होतं. तिने तिथेच कागद मागून घेतला आणि ‘मी जागा सोडून धावले’ असं लिहून खाली सही केली. चुरीसाहेबांनी तो सहानुभूतीने वाचला. ते म्हणाले, स्वतःच्या सांगण्यावरून नोंद घेता येत नाही, नाहीतर उद्या कोणीही येऊन आपण काम केलं म्हणेल. मात्र दोन प्रत्यक्षदर्शींनी मंडळाच्या नमुन्यात लिहून दिलं तर नोंद मागाहून घेता येईल आणि संवर्गही बदलून जाईल. मुदत मार्चअखेरपर्यंत.

“दोनच?” हेमांगीने विचारलं. तिला वाटलं काम झालं. चारशे होते.

साक्षीला शैलेश चालला नसता. कागदोपत्री तो तेव्हा पाणी पीत होता. पण त्याने आईला सांगितलं आणि इंदुबाई दुसऱ्याच दिवशी मासळीची पाटी खाली झेरॉक्सवाल्याच्या दारात ठेवून माडी चढून आली. चुरीसाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि नमुन्यातला पहिला प्रश्न वाचला: साक्षीदाराने नेमके काय पाहिले?

“ही पलाली,” इंदुबाई म्हणाली. “माजा पोरगा मुंग्या मारीत व्हता, आन ही पलाली.”

“किती वेगाने?”

“बोट लागल्यावर गिराईक पलतं तशी. आता लिवा लवकर, माजा माल उनात हाय.”

तिने ठसठशीत सही केली आणि जिना उतरताना हेमांगीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आता एकच ऱ्हायला ना बाय, चारशातला एक मिलंल की.

एक मिळेना. कुशल संखे म्हणाले, मी पाहिलं, पण सही केली तर माझ्या मुलीने थाप मारली हेही लिहून दिल्यासारखं होईल. वसाहतीतल्या एका साहेबांनी सगळ्या प्रसंगाचं मोबाईलवर चित्रीकरण करून अकरा गटांत पाठवलं होतं. ते म्हणाले, पाठवणं वेगळं आणि सही वेगळी. कारखान्यातला एक कामगार म्हणाला, “देखा तो था दीदी, पर साइन कहाँ-कहाँ लग जाता है, पता नहीं चलता.” दिशाला सही करायची होती, पण ती अठरा वर्षांची नव्हती. तिच्या वडिलांची अठरा वर्षं केव्हाच उलटली होती, पण त्यांना त्या आठवड्यात फार काम होतं. हेमांगीने रागावणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती संध्याकाळी कारखान्यातून सुटली की एकेकाच्या दारी जाते, चहा पिते, सामन्याचं रसभरीत वर्णन ऐकते आणि परत येते. लोक तिचं पळणं तिच्याहून छान सांगतात.

तुम्हीसुद्धा होतात त्या दिवशी. तिसऱ्या पायरीवर, डावीकडे, हातात शेंगदाण्यांची पुडी. ती मधली रेषा ओलांडून गेली तेव्हा तुम्ही उभं राहून ‘पळ, पळ’ म्हणून ओरडलात आणि घरी जाऊन सांगितलंत, की अजून अशी माणसं आहेत म्हणून चाललंय. नमुना एका पानाचा आहे. इंदुबाईंच्या सहीखालची ओळ मोकळी आहे. मंडळाची खोली साडेदहाला उघडते, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पेन तिथेच सुतळीला बांधलेलं आहे. चुरीसाहेब शिस्तीचा माणूस. त्यांनी त्या ओळीपुढे पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलंय: ‘साक्षीदार कामात असल्यामुळे येऊ शकले नाहीत.’ शेवटच्या तारखेला तेवढं शाईने गिरवायचं.